क्लेम टिलब्रुकची जागा

एल्विन लिनर्टची कायाक धक्क्याच्या खांबाला नाकाने लटकलेली अख्ख्या पोर्ट ड्यूरनने पाहिली.

सकाळी पाणी भरलेलं असताना त्याने ती आखूड दोराने खांबाला बांधली होती. नदीवर झाडाला बांधायचा तशीच, दोन वेढे आणि एक गाठ. मग तो वृद्धाश्रमात बायकोला भेटायला गेला. परत आला तर पाणी निघून गेलेलं. कायाक उभी टांगलेली, तिची शेपटी चिखलापासून हातभर वर, आणि वल्हं, टोपी, आमिषाचा डबा, दुपारचं सँडविच असं सगळं खाली पसरलेलं. सीगल पक्ष्यांनी सँडविच संपवलं होतं आणि ते आमिषाकडे वळले होते.

धक्क्यावर दोरी सोडून माकूल मासे धरत बसलेल्या म्हाताऱ्या तानोने मानसुद्धा वळवली नाही.

"नदीवाल्या, वाळत घातलीस काय रे?"

"दोर जरा लांब ठेवायला हवा होता," एल्विन म्हणाला.

"दोर पुरेसा होता. बाकीचं कमी पडलं." तानोने आपली दोरी थोडी वर खेचली, सोडली. "इथलं पाणी तुझ्या नदीसारखं पगारी नाही. सांगितलेल्या जागी उभं राहत नाही ते."

तानो सहज बोलून गेला, पण एल्विनला ते लागलं. कारण त्याचा जन्म पाणी सांगितलेल्या जागी उभं करण्यातच गेला होता. मरे नावाच्या नदीवरच्या एका बंधाऱ्यावर तो नोकरीला होता. पाणी भिंतीवरच्या खुणेच्या वर चढलं की फळ्या काढायच्या, खाली उतरलं की घालायच्या. संध्याकाळी काम आटपलं की काठावरच्या झाडाखाली बसून गळ टाकून गरवायचं. कधी कॅलप मासा लागायचा, वर्षाकाठी एखादा मोठा कॉड. सकाळी ज्या मुळावर पाय ठेवून उतरलो ते मूळ संध्याकाळी तितकंच पाण्यात असायचं. त्यात काही विशेष आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

त्याची बायको मर्ना ह्याच पोर्ट ड्यूरनची. शाळेत शिकवायला म्हणून ती नदीकडे आली, लग्न झालं आणि तिथेच राहिली. समुद्राची आठवण काढून ती कधी रडली नाही. फक्त नदीला ती शेवटपर्यंत "ते पाणी" म्हणायची, जसं शेजारच्यांच्या कुत्र्याबद्दल बोलावं. म्हातारपणी तिची आठवण जायला लागली तेव्हा एक दिवस ती नदीकाठी गाउनवर उभी असलेली लोकांना सापडली. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती, ओहोटी का लागत नाही अजून, काही बिघडलंय का. त्यानंतर एल्विनने घर विकलं आणि तिला घेऊन तो आखाताकाठी आला. वर्षभर दोघं भाड्याच्या घरात राहिली. मग ती रात्री-अपरात्री बाहेर पडायला लागली आणि तिला वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. घरात तो एकटा उरला. मुलगी पर्थला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. रविवारी फोन करायची.

गावात मर्नाला सगळे ओळखत. क्लेम टिलब्रुकची मुलगी. एल्विनला कोणी ओळखत नसे, आणि अलीकडे मर्नाही ओळखत नव्हती. तो गेला की ती नीट हसून म्हणायची, "या, बसा ना," आणि मग कोणीतरी येणार असल्यासारखी दाराकडे बघत राहायची. मी तुझा नवरा, असं त्याने सुरुवातीला काही वेळा सांगून पाहिलं. ती घाबरली. एकदा तर तिने घंटी वाजवून मारिसेलला बोलावलं. मारिसेल तिची सगळी उठबस करायची. तिने त्याला बाहेर नेऊन सांगितलं, "एल्विन, पुन्हा नका सांगू. नुसते बसत जा." तेव्हापासून तो नुसता बसायचा.

थंडी सरता सरता मर्नाने खाणं सोडलं. सूप नको, बटाटा नको, पुडिंगसुद्धा नको. मारिसेलने खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "व्हायटिंग असेल तर द्या." व्हायटिंग म्हणजे आपल्या मुडदुशीच्याच कुळातला, पण हातभर वाढणारा, ह्या आखाताचा लाडका मासा. एल्विनने दुकानातून आणला, तळून नेला. तिने एक घास घेतला आणि काटा खाली ठेवला.

"हा बर्फातला आहे. बाबा आणतात तसा नाही."

त्याच आठवड्यात सुट्टीला आलेल्या एका कुटुंबाची जुनी पिवळी कायाक विकायला निघाली होती, ती एल्विनने घेतली. मासे धरणं आपल्याला येतं, असा त्याचा समज होता.

कायाक लटकली त्यानंतर त्याने दोर लांब केला. मग दुसरी चूक केली. नदीवरचा माणूस आधी प्रवाहाच्या उलट वल्हवतो, म्हणजे दमल्यावर घरी यायला पाणीच आणून सोडतं. एल्विनने बघितलं, पाणी किनाऱ्याकडे येतंय. तो त्याच्या विरुद्ध, आत आत वल्हवत गेला. खांदे भरून आले तरी खूश होता, येताना आरामच आहे म्हणून. गरवून झाल्यावर त्याने नाक गावाकडे वळवलं, तर मधल्या वेळात पाणीही वळलं होतं आणि आता बाहेर चाललं होतं. गाव जवळ येईना. धक्का नुसता उभा. पोचला तेव्हा त्याला कायाकमधून उठता येईना, तो तसाच उथळ पाण्यात बसून राहिला.

तानो काठी टेकत खाली आला.

"जाताना चढ, येताना चढ," तो म्हणाला. "माझ्या बापाने पण असला हमाल पाहिला नसेल."

"पाणी येत होतं तेव्हा."

"येतं तेव्हा येतं, मग जातं. तुला काय वाटलं, तुझी वाट बघत थांबेल?" तानो वाळूवरच्या दगडावर बसला. "ओहोटीबरोबर जायचं, भरतीबरोबर यायचं. मध्ये काय ते गरवून घ्यायचं. पाळण्यातल्या पोरांना कळतं इथे. काय धरलंस?"

"एक फुगणारा मासा, विषारी. सोडून दिला."

"तेवढी तरी अक्कल आहे." तानोने धक्क्याकडे पाहून घेतलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "तुला खरं तर मेहनतीची गरजच नाही. तुझी बायको क्लेमची मुलगी. तिला विचार ना, म्हाताऱ्याची जागा कुठे होती."

क्लेम टिलब्रुकच्या जागेची गोष्ट एल्विनने गावात आल्यापासून ऐकली होती. आखाताच्या तळाला समुद्रगवताचं रान आहे, आणि त्यात मध्येच कुठेतरी वाळूचे उघडे तुकडे. व्हायटिंग तिथे येतो. प्रत्येक जुन्या घराची अशी एखादी जागा असते, आणि ती काठावरच्या खुणांनी बांधलेली असते. मागची वस्तू पुढच्या वस्तूआड गेली की एक रेघ. दुसऱ्या बाजूला तशीच दुसरी. दोन्ही रेघा जिथे जुळतात तिथे नांगर टाकायचा. बाप मुलांना सांगतो, घराबाहेर कोणी सांगत नाही. क्लेमची जागा सगळ्यांत चांगली आणि कोणालाच न सापडलेली. दुसरी होडी जवळ येताना दिसली की तो नांगर उचलून वाहत निघून जायचा, काहीच झालं नसल्यासारखा. धक्क्यावर कोणी विचारलं, कुठे मिळाले, तर एकच उत्तर. "पाण्यात."

एल्विनलाही तेच मिळालं होतं. लग्नाच्या जेवणात मासे होते. नव्या जावयाने आदराने विचारलं, कुठे मिळतात हो असले? सासऱ्याने त्याच्याकडे न बघता सांगितलं, "पाण्यात." सगळे हसले, मर्नाही हसली. पुढे किती सुट्ट्यांना ती दोघं इथे आली, पण क्लेमने त्याला एकदाही होडीत घेतलं नाही. त्यानेही कधी म्हटलं नाही, मला न्या.

"तिला आठवत नाही आता," एल्विन तानोला म्हणाला. तेव्हा ते खरं होतं.

चार-सहा दिवसांनी तो वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात मर्नाच्या बुटाची नाडी बांधत वाकला होता. समोर आखात. वारा होता, आणि तिची खुर्ची जरा हलत होती. तिने त्याच्या टोपीवर हात ठेवला.

"बाबा, चिमणी बघू की ढिगारा?"

एल्विन हलला नाही.

"मी चिमणी बघते," ती म्हणाली. आवाज लहान मुलीचा. "गिरणीची चिमणी... थोडी दिसतेय... थोडी... गेली चर्चच्या मागे. आता ढिगारा. बाबा, तुम्ही वल्हवा ना. आला. धक्क्याच्या टोकावर बरोब्बर बसला. टाका नांगर."

आणि ती पाण्याकडे बघून हसली, कामगिरी पार पाडल्यासारखी.

एल्विनने नाडी बांधून संपवली. पिठाच्या गिरणीची चिमणी अजून उभी होती. चर्चमध्ये आता सुट्टीवाले राहायचे, पण त्याच्या छपराचा टोकदार कोन तसाच होता. दगडांचा ढिगारा पलीकडच्या टेकडीवर, कोणी रचला कोणास ठाऊक. सगळं होतं. त्याला वाटलं, आपण दुसऱ्याच्या घराच्या खिडकीशी उभे आहोत आणि आतलं बोलणं ऐकलंय. ती हे त्याला सांगत नव्हती. इतक्या वर्षांच्या संसारात तिने ते त्याला कधीच सांगितलं नव्हतं.

पण तिने त्या दिवशीही दुपारी काही खाल्लं नाही.

त्यानंतरच्या एका सकाळी आखात असं काही झालं की एल्विन काठावर उभाच राहिला. पाणी येत नव्हतं, जात नव्हतं. धक्क्याच्या खांबावरची ओली रेघ तिथल्या तिथे. वारा पडलेला. अगदी त्याच्या बंधाऱ्यामागचं पाणी. इथे अधूनमधून असा दिवस येतो, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीच्या सुमाराला, जेव्हा भरती आणि ओहोटी दोघी सुट्टीवर गेल्यासारख्या असतात. गावातले त्याला 'डॉज' म्हणतात. एल्विनला नाव माहीत नव्हतं. त्याला वाटलं, समुद्राला आपली दया आली.

तो निघाला. कायाक सरळ चालली, कुठे ओढ नाही. चिमणी सरकत सरकत चर्चआड गेली. ढिगारा धक्क्याच्या टोकावर येऊन बसला. बंधाऱ्यावर खुणा वाचण्यात जन्म गेलेल्या माणसाला ते अवघड गेलं नाही. त्याने नांगर सोडला आणि खाली पाहिलं. गवताच्या काळ्या रानात वाळूचा पांढरा तुकडा, जेवणाच्या टेबलाएवढा. 

गळाला शिंपल्यातल्या तिसऱ्यांचं मांस लावून त्याने दोरी सोडली. बसला. पाणी काचेसारखं होतं, आमिष तळाला पडलेलं स्पष्ट दिसत होतं. त्याच्याकडे कोणी आलं नाही. ऊन वर आलं. त्याने आमिष बदललं, पुन्हा बदललं. एक खेकडा आला, बघून गेला.

कधीतरी त्याने रॉड मांडीवर ठेवला. गाव लांब होतं, दुसरी होडी कुठेच नव्हती. ही तिच्या बापाची जागा होती किंवा नव्हती. कदाचित तिने दोन वेगळ्या जागांच्या खुणा एकत्र केल्या असतील, किंवा लहानपणीचा एखादा खेळच असेल तो. तिचं आठवणं आता असंच, एका पेटीचं झाकण दुसऱ्या पेटीला. आणि आपण त्याच्या भरवशावर म्हातारपणी इथे तरंगत बसलोय. तो घरी आला तेव्हाही पाणी तिथेच होतं.

संध्याकाळी तो मर्नाजवळ बसला. आज ती शांत होती, त्याला गावातला कोणीतरी समजत होती. बोलायला काही नव्हतं म्हणून तो म्हणाला, "आज मासेमारीला गेलो होतो. काही नाही मिळालं."

"पाणी चालत होतं का?"

"नाही. अगदी थांबलेलं होतं."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं जसं वर्गातल्या मागच्या बाकाकडे बघायची. "डॉजला कोण जातं मासे धरायला? पाणी चाललं तर मासा चरतो. डॉजला आमचे बाबा कुंपण रंगवतात."

"कुंपण?"

"मग काय करणार? प्रत्येक डॉजला. आई म्हणते, आता लाकूड कुठे आहे, नुसता रंगच उभा आहे." ती हसली. "तुम्ही इथले नाही वाटतं."

"नाही," एल्विन म्हणाला. "नदीकडचा."

घरी जाताना तो वाट वाकडी करून टिलब्रुकांच्या जुन्या घरावरून गेला. तिथे आता दुसरे लोक राहत होते. कुंपण तेच होतं. एका खांबावर रंगाची खपली निघाली होती. त्याने बोट घालून पाहिलं. पांढरा, खाली हिरवा, मग पुन्हा पांढरा, मग पिवळट, मग निळा. बोट आत जात राहिलं आणि लाकूड काही लागेना. आतून कुत्रं भुंकलं तेव्हा तो पुढे गेला.

पाणी चालायला लागेपर्यंत तो थांबला. मग ओहोटी लागता लागता कायाक पाण्यात ढकलली, आणि पाण्यानेच त्याला उचलून नेलं. चिमणी गेली. ढिगारा आला. नांगराने तळ धरला तशी दोरी ताठ झाली आणि कायाकच्या दोन्ही बाजूंनी पाणी खळखळत निघालं. खाली गवत सगळं एका दिशेला झोपलं होतं.

आमिष तळाला टेकलं न टेकलं तोच टकटक झाली. कॅलप ओढतो तशी ओढ नव्हती ही. कोणी दारावर बोटाने वाजवावं तशी. एल्विनने थांबून घेतलं, मग रॉड उचलला.

तीन मासे झाले. लांब, चंदेरी, अंगावर तपकिरी ठिपके. चौथ्यासाठी आमिष लावत होता तेवढ्यात धक्क्याच्या टोकाकडून इंजिनाचा आवाज आला. सुट्टीवाल्यांची होडी, रंगीत टोप्या. इकडेच वळत होती. एल्विनच्या मनात काही आलं नाही, हातानेच नांगर ओढून घेतला, आणि कायाक वाहत निघाली. होडीतल्या एकाने हात केला, ओरडून विचारलं, "काही आहे का इथे?"

"काही नाही," एल्विन ओरडला. माशांवर ओलं फडकं टाकलेलं होतं.

ते निघून गेले. त्याने मागे वळून पाहिलं. तो तुकडा कुठे होता ते आता त्याचं त्यालाही पाण्यावर दाखवता आलं नसतं. पाणी उभं राहिलं, मग वळलं, आणि त्याला घरी घेऊन आलं.

तानो धक्क्यावर होता. फडक्याखालून शेपट्या दिसत होत्या. तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला.

"कुठे मिळाले?"

एल्विनला सांगायला आवडलं असतं. ह्या गावात त्याच्याशी रोज बोलणारा हा एकच माणूस होता, आणि टोमणे मारत का होईना, शिकवलं त्यानेच होतं.

"पाण्यात," एल्विन म्हणाला.

 तानोने तोंड फिरवून आपली दोरी बघितली. "हरामखोर," तो हळूच म्हणाला. ते एल्विनला होतं की क्लेमला, कळलं नाही. "जा, गरम गरम खाऊ घाल तिला."

एल्विनने काटे काढले, पिठात घोळवून लोण्यात तळले, अंगणातलं लिंबू घेतलं. दोन ताटल्यांमध्ये मासा ठेवून वर टॉवेल गुंडाळला आणि चालत गेला. मारिसेलने झाकण उचलून वास घेतला. "काटे नाहीत ना?"

"नाहीत."

मर्ना खिडकीजवळ बसली होती. तिने एक तुकडा खाल्ला. मग दुसरा. काटा खाली ठेवला नाही. अर्धा मासा संपला. मग तिने विचारलं, "हा कुठला?"

तिला 'पाण्यात' असं उत्तर त्याच्याने देववेना.

"चिमणी चर्चच्या मागे गेली," तो म्हणाला. "आणि ढिगारा धक्क्याच्या टोकावर आला, तिथला."

तिचा हात थांबला. डोळे बारीक झाले. "तुम्हाला कोणी सांगितलं हे?"

"तू सांगितलंस, मर्ना."

"मी नाही सांगणार. ते घराबाहेर सांगायचं नसतं." तिचा हात घंटीकडे गेला. ताटली तिने थोडी पुढे सरकवली. "कोणी सांगितलं?"

एल्विनला सगळं परत जाताना दिसलं, सकाळी खांबावरून पाणी उतरतं तसं.

"क्लेमनी," तो म्हणाला. "तुझ्या बाबांनी."

"बाबांनी स्वतः?"

"हो. होडीत घेऊन गेले मला."

 मग हात घंटीकडून मागे आला, काट्यावर गेला. "बाबा असं कोणाला नेत नाहीत," ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही आमच्यातलेच असाल. मग उभे का? बसा."

तो बसला.

"पण कोणाला सांगू नका हं."

"नाही सांगणार."

"मी माझ्या नवऱ्यालाही नाही सांगितलं." घास गिळून ती म्हणाली. "तो नदीवरचा. गप्प असतो फार. त्याला कळलं असतं की नाही देव जाणे. पण बाबांनी त्याला एकदा न्यायला हवं होतं. त्याने बिचाऱ्याने कधी म्हटलं नाही."

एल्विन खिडकीबाहेर बघत होता. पाणी भरत आलं होतं.

ती खात राहिली. शेवटी एक चांगला जाडसर तुकडा उरला, तेव्हा तिने तो काट्याने ताटलीच्या कडेला नेला, कागदी रुमाल उलगडला आणि त्यावर झाकला.

"हा राहू दे," ती म्हणाली. "तो येईल आता. भूक लागलेली असते त्याला."

आणि तिने दाराकडे तोंड केलं. एल्विननेही खुर्ची थोडी वळवून घेतली, आणि दोघं बसून राहिली.